कॅनडाच्या राजाशी काकांचं भांडण

"उतरा, राजेसाहेब!" असं म्हणून काका हातातला गुलाम राजाच्या पानावर असा आपटायचे की चटईवरची बाकीची पानंही जागची हलायची.

तीनशेचार हा पत्त्यांचा खेळ तुमच्यापैकी काही जणांना ठाऊक असेल. त्यात गुलाम सगळ्यांत वरचा आणि राजा-राणी पार तळाशी, सत्त्या-अठ्ठ्यांच्या शेजारी. जगातले बाकी सगळे पत्त्यांचे खेळ काकांच्या मते सरंजामी होते. "हा एकच खेळ माणसांनी शुद्धीवर असताना बनवलाय," असं ते म्हणायचे. लखनऊत तीनशेचार येणारं कोणी सापडेना, तेव्हा त्यांनी जानकीपुरमच्या आमच्या गल्लीतच भिडू तयार केले. एक मी, एक काकू आणि तिसरे समोरच्या घरातले मिश्राजी.

मिश्राजी पिढ्यान् पिढ्यांचे लखनवी. राजाचं पान टाकायचं झालं तर ते दोन बोटांत धरून अलगद ठेवायचे, आणि काकांनी त्यावर गुलाम हाणला की कळवळायचे. "अरे साहब, ज़रा आहिस्ता। बादशाह हैं।"

"बादशाह होंगे अपने घर के," काका म्हणायचे. "अपने ऊपर कोई राजा नहीं. अपने ऊपर सिर्फ संविधान."

हे वाक्य ते दिवसातून निदान एकदा तरी म्हणत. माझी त्यांची ओळख अशाच एका वाक्याने झाली. बँकेच्या बदलीने मी लखनऊला नवीन आले होते, नवऱ्याला इथल्याच औषध-संशोधनाच्या कॅम्पसमध्ये नोकरी लागली होती आणि घरात मराठी बोलायला मुलगाही तयार नव्हता. एका सकाळी फाटकाबाहेर भाजीवाला कोणाला तरी म्हणाला, "ले लो राजा, ताज़ी मटर है." त्यावर अस्सल मराठी वळणाची हिंदी ऐकू आली. "राजा किसको बोला? राजा-बिजा सब गया. हम नागरिक हैं. नागरिक को कैसे दिया, वो बोलो." भाजीवाल्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "राजा को तो कम में दे देते. नागरिक को पूरा दाम लगेगा." काकांनी पूर्ण दाम दिला, आणि पिशवी घेऊन विजयी मुद्रेने घरी गेले. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाशी ओळख ठेवायची.

काका मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात होते. उभा जन्म ब्रेकवर काम केलं. "गाडी कशी चालते ते कोणीही सांगेल. थांबते कशी ते मला विचारा," हा त्यांचा आणखी एक ठरलेला डायलॉग. निवृत्तीनंतर जानकीपुरममध्ये घर बांधलं. दर सव्वीस जानेवारीला ते गल्लीत झेंडा लावायचे, आणि धुक्यात कुडकुडणाऱ्या लोकांना जिलबी मिळण्याआधी संविधानाची उद्देशिका म्हणायला लावायचे. पोरं त्यांना झंडेवाले अंकल म्हणत. आता तुम्हाला वाटेल, असा माणूस प्रत्येक कॉलनीत एक असतोच. असतो, कबूल. पण आमच्या माणसाने कॅनडाचा राजा घालवायला घेतला होता.

त्याआधी त्यांच्या वडिलांचं सांगायला हवं. ते दक्षिणेकडच्या एका चिमुकल्या संस्थानात कारकून होते. राजेसाहेब सकाळी खिडकीत उभं राहून दात घासायचे आणि खाली अंगणात सगळी कचेरी मुजऱ्याला वाकलेली असायची. राजेसाहेबांची शेवटची चूळ भरून होईपर्यंत कोणी सरळ व्हायचं नाही. राजेसाहेबांना दातांची फार हौस होती म्हणे. पुढे संस्थान विलीन झालं, राजेसाहेब पुण्याला राहायला गेले, वडिलांना सरकारी नोकरी मिळाली. काका त्यानंतर जन्मले. पण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की वडील रोज सकाळी घराच्या मागच्या दारी जाऊन तेवढा वेळ कमरेत वाकून उभे राहतात. समोर फक्त तुळस आणि न्हाणीघर. आई हाक मारायची, "अहो, गेले ते!" मग वडील सरळ व्हायचे आणि चहा मागायचे.

आम्ही हसलो. मिश्राजी तर पोट धरून हसले. काका हसले नाहीत. "तुम्हाला मजा वाटते," एवढंच म्हणाले आणि पानं पिसायला लागले. मला मात्र त्या दिवसापासून त्यांचं गुलाम आपटणं थोडं वेगळं दिसायला लागलं.

एकदा मिश्राजींनी त्यांना पेचात पकडलं. "सब राजा बुरे, यह तो हम समझ गए. मगर आपके महाराज? उनकी तस्वीर तो दरवाज़े के ऊपर टँगी है, हार समेत."

"त्यांचं वेगळं आहे," काका थेट मराठीत म्हणाले.

"वह कैसे?"

"वेगळं म्हणजे वेगळं. पान टाका."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी डावाच्या मध्येच मनूचा व्हिडिओ कॉल आला. मनू ही काकांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन कॅनडात गेली, तिला तिथे बरीच वर्षं झाली होती. मुलगा तिथेच जन्मला, त्यामुळे तो जन्मतःच राजाचा प्रजाजन. "लहान आहे, सुटेल," असं काका त्याच्याबद्दल म्हणायचे. मनूला आता तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत जागा मिळत होती. याच कामासाठी ती शिकली होती, आणि ती जागा फक्त नागरिकांसाठी होती.

"बाबा, सिटिझनशिप मंजूर झाली. आता फक्त शपथ राहिली."

"वा! कोणाची शपथ? संविधानाची?"

मनू म्हणाली, "राजाची."

"कुठल्या राजाची?"

"इंग्लंडचा तोच. कॅनडाचाही तोच आहे." मग जे लपवून चालणार नव्हतं तेही तिने हळूच सांगून टाकलं. "आणि त्याच्या वारसांची."

"म्हणजे जे अजून जन्मलेच नाहीत त्यांचीही?"

"हो."

काकांनी हातातली पानं चटईवर उपडी ठेवली. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ते म्हणाले, "चांगलं आहे. अभिनंदन." आणि उठून फिरायला गेले. डाव तसाच राहिला. मी पाहिलं, त्यांच्याकडे दोन गुलाम होते.

तिसऱ्या दिवशी ते सकाळीच आमच्याकडे आले. डोळ्यांखाली काळं, पण चेहरा उजळलेला. "मॅनेजरबाई, कॅनडा हा राजा कधी ना कधी सोडणारच. तिथल्या लोकांतही तशी बोलणी चालू असतात. कॅरिबियनमधल्या एका एवढ्याशा बेटाने परवा-परवा सोडला, काही आकाश कोसळलं नाही. मग हे मनूच्या तारखेच्या आधी झालं तर कोणाचं काय बिघडतं?"

"पण काका, तो त्यांचा प्रश्न आहे ना?"

"मी कुठे माझा म्हणतोय? मी फक्त घाई करा म्हणतोय." त्यांनी सगळा अभ्यास केला होता. राजा काढायचा तर तिथल्या संसदेसोबत दहाच्या दहा प्रांतांची संमती लागते. मी म्हटलं, दहाच्या दहा म्हणजे अवघडच. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आमच्या एका ब्रेकब्लॉकला याहून जास्त सह्या लागायच्या. आणल्या की नाही?" शपथेचा मजकूर तर त्यांना तोंडपाठ झाला होता. त्यातल्या शब्दाशब्दावर त्यांचे आक्षेप तयार होते आणि ते दुधाच्या रांगेत कोणालाही ऐकवत.

एकट्याच्या म्हणण्याला वजन नसतं, म्हणून त्यांनी विषय गल्लीच्या रहिवासी समितीत नेला. त्या बैठकीत तीन विषय होते. मोकाट कुत्री, पाण्याच्या टाकीची सफाई आणि कॅनडा. कुत्र्यांवर भांडण झालं. टाकीवर त्याहून मोठं झालं. कॅनडाच्या वेळी चहा आला, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. एका गृहस्थांनी फक्त विचारलं, "कनाडा से टंकी का कुछ हो सकता है क्या?" ते तपासून बघू, असं ठरलं.

मसुदा लिहायचं काम मिश्राजींकडे गेलं, कारण गल्लीत त्यांच्याइतकी नफीस भाषा कोणाची नाही. इथेच सगळं फसलं. लखनऊचा खानदानी माणूस समोरच्याला "जा" म्हणूच शकत नाही. दारात उभ्या भिकाऱ्यालाही तो "माफ़ कीजिए" म्हणतो, मग राजाला कसं म्हणणार? "निकालिए शब्द तो लिखा नहीं जाएगा, साहब," मिश्राजींनी सांगून टाकलं. दोन दिवस खपून त्यांनी लिहिलं की जानकीपुरमचे रहिवासी महामहिमांच्या प्रदीर्घ कष्टांची कदर करतात, आता त्यांनी विश्रांतीची तकलीफ घ्यावी अशी विनंती करतात, आणि गोरगरिबांचं हे अंगण त्यांच्यासाठी सदैव खुलं आहे. काकांना घाई होती. त्यांनी त्याचं इंग्रजी केलं आणि दहाही प्रांतांना धाडून दिलं.

काही आठवड्यांनी एका प्रांताच्या कार्यालयातून उत्तर आलं. मोठं सभ्य उत्तर होतं. राजेसाहेबांना जानकीपुरम इथे विश्रांतीसाठी दिलेल्या प्रेमळ निमंत्रणाबद्दल आभार, परंतु त्यांचे दौरे आम्ही ठरवत नसल्याने हे निमंत्रण आपण योग्य ठिकाणी पाठवावं.

आता गंमत बघा. हे उत्तर समितीच्या व्हॉट्सॲप गटावर पडलं आणि संध्याकाळपर्यंत राजा येणार अशी बोलवा झाली. चिटणिसांनी रातोरात टाकी साफ करून घेतली. रस्त्याच्या कडेच्या विटांना चुना आणि गेरू लागला. पलीकडच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, राजा शाकाहारी आहे का. मिश्राजी रोज दाढी करायला लागले. काका गल्लीतून ओरडत फिरले, "अरे, मी घालवायला सांगितलं होतं! बोलावलं कोणी?" पण चुना लागलेल्या रस्त्यावर त्यांचं कोण ऐकणार? लोक उलट त्यांचेच आभार मानत होते. एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते आपण करून दाखवलंत, असं म्हणत होते.

राजा अर्थातच आला नाही. चुना पुढच्या पावसात गेला.

हसून हसून आमची पुरेवाट झाली, आणि त्याच आठवड्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे मनूशी बोलत नाहीत गं. तिचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसतात. नळ सोडून."

"रागावलेत?"

"रागावले असते तर बरं होतं. ओरडले असते, मोकळे झाले असते. नको जाऊस, नको घेऊस शपथ, असं म्हणाले असते. पण तेही तोंडातून निघत नाही."

रात्री मनूचा मला मेसेज आला. ताई, बाबांना विचाराल का? त्यांनी नको म्हटलं तर मी नाही घेणार शपथ. नोकरी गेली तर गेली. पण ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. आता तारीख आलीये. तुम्ही सगळे समोर बसलात तरच माझ्याच्याने होईल.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला मुलीला नको म्हणता येत नव्हतं, म्हणून तो राजालाच जा म्हणत होता. मला त्यांची फार माया वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मी त्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वाकायला मी तिला शिकवलं नाही. आणि अडवायलाही मी जन्माला घातलं नाही. मला मध्ये घेऊ नका."

काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. गल्लीत पत्ते बंद आहेत. चौथा भिडू मिळेल कुठेही, पण त्या बाजूला कोणी बसायला धजत नाही. मिश्राजी अजून येतात, चहा घेतात, थोडं बसतात आणि जातात. लोक काकांची आठवण काढतात ती झेंड्याच्या निमित्ताने किंवा चुन्याच्या त्या गमतीने. मला मात्र ते त्या शपथेच्या संध्याकाळचेच दिसतात.

मनूकडे सकाळ होती, आमच्याकडे दिवेलागण. शपथविधी संगणकावरच होता. मनू तिच्या लॅपटॉपसमोर, आणि तीही दिसेल आणि पडदाही दिसेल असा बाजूला टेकवून ठेवलेल्या तिच्या फोनमधून आम्ही. काकूंनी ठेवणीतली पैठणी नेसली होती. "राजा त्यांचा असला तरी मुलगी माझीच आहे," त्या म्हणाल्या. मिश्राजी शेरवानी घालून आले, दरबाराचा प्रसंग म्हणून. काकांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मी चहा करतो." आयुष्यात त्यांनी चहा केला नव्हता.

"बाबा कुठेत?" मनूने पहिलं हेच विचारलं.

"चहा करतायत," काकू म्हणाल्या.

"बाबा? चहा?" ती घाबरलीच. आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

तिथल्या अधिकारी बाईंनी आधी सगळ्यांना जुनं रहिवासाचं कार्ड कात्रीने कापायला लावलं. पडदाभर माणसं, काळी, गोरी, पगडीवाली, बुरख्यातली, गंभीर चेहऱ्याने कार्डं कापत होती. "यह कैसा दरबार है," मिश्राजी माझ्या कानात कुजबुजले, "यहाँ तो सब दर्ज़ी बैठे हैं." मग सगळ्यांनी उजवा हात वर केला. बाई एकेक तुकडा सांगत गेल्या आणि सगळे म्हणत गेले.

मनूचा हात वर होता, पण ओठ हलत नव्हते.

बाईंच्या ते लक्षात आलं. शपथ संपल्यावर त्यांनी तिला एकटीला थांबवून घेतलं आणि फार प्रेमाने सांगितलं, तुम्ही म्हणताना दिसला नाहीत, सावकाश पुन्हा म्हणू या, काही घाई नाही. मनूने तोंड उघडलं, मिटलं. मग आमच्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आई, मला जमत नाहीये."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. काका दारात आले. हातात सांडशी, सदऱ्यावर चहाची भुकटी. त्यांनी फोनमध्ये बघितलं आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दहा प्रांतांकडून जे झालं नव्हतं ते आता आपोआप होणार होतं. त्यांना काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"मनू," ते म्हणाले, "पोक काढू नकोस. सरळ बस. श्वास घे."

"बाबा, तुम्हाला नको असेल तर..."

"मी सांगतो, माझ्या मागून म्हण. शाळेत वक्तृत्वाला म्हणायचीस तशी. आय स्वेअर..."

"आय स्वेअर," मनू म्हणाली.

महिनोन् महिने ज्या शपथेशी ते भांडले होते तिचा शब्दन् शब्द त्यांना येत होता. तुकडा-तुकडा तोडून, ठासून, ब्रेकच्या तपासणीचा अहवाल वाचावा तशा आवाजात ते सांगत गेले आणि मनू म्हणत गेली. हिज मॅजेस्टी आला. त्यांनी तेही सांगितलं. वारसांपाशी आल्यावर मात्र ते अडले. मनूही अडली. कॅनडातल्या बाई शांतपणे वाट बघत होत्या.

"म्हण बेटा," काका हळूच म्हणाले. "तेही म्हणून टाक. लेकरं ती, त्यांचा काय दोष?"

मनूने तेही म्हटलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला. मिश्राजी कधीच उठून उभे राहिले होते. बाईंनी अभिनंदन केलं आणि मग जरा बिचकत विचारलं, तुमच्यासोबत शपथ घेणारे ते गृहस्थ कोण?

"माझे वडील," मनू म्हणाली.

तेव्हा आम्ही काकांकडे बघितलं. जानकीपुरमच्या त्या दिवाणखान्यात, कोणी सांगितलं नसताना, ते ताठ उभे होते. उजवा हात सांडशीसकट खांद्याच्या वर होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "झालं. हात खाली घ्या आता."

"तिचा अजून वर आहे," काका म्हणाले.